परदेशी डब्यातला साल्मन आणि आपली तारली

आपल्या मंडळातील एका काकूंचा गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, दोन-अडीच महिने अंथरुणात गेले. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीबरोबर तोंडी सांगितले, की आता आहाराकडे लक्ष द्या. प्रथिने, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, या तिन्हींची पोटात भर पडली पाहिजे. काकूंचा मुलगा कॅनडात असतो. दिवाळीला येताना त्याने आईसाठी साल्मन माशाचे सहा डबे आणले. सूनबाईंनी पहिला डबा उघडला तो मोठ्या काळजीने. आत काटे दिसले, मणक्याचे गोल तुकडे दिसले, कातडी दिसली, वर पांढरा साका दिसला. म्हातारीच्या घशात काही अडकायला नको म्हणून त्यांनी अर्धा तास बसून एकेक काटा वेचला, कातडी काढली, डब्यातले पाणी ओतून दिले आणि उरलेला मासा वाटीत घालून सासूबाईंना दिला.

हेतू चांगला होता. पण ज्यासाठी मुलाने तो डबा सातासमुद्रापलीकडून आणला होता, त्यातला मोठा हिस्सा कचऱ्याच्या बादलीत गेला. हे नंतर कळल्यावर त्यांना फार वाईट वाटले. त्यांनीच आम्हाला सांगितले, की नाव घालू नका, पण हे सगळ्यांना कळू दे. आज बेळगाव-निपाणी भागातल्या कितीतरी घरांत मुले परदेशी आहेत. आपण त्यांना कुंदा आणि करदंट पाठवतो, ते येताना असे डबे आणतात. कपाटात ठेवलेले हे डबे काय आहेत, त्यांत काय आहे, कोणी खावेत, कोणी जपून खावेत, हे नीट समजून घेण्यासाठी हा लेख. आम्ही डॉक्टर नव्हे. आयुष्यभर आकडे तपासण्याची सवय लागलेली आहे, त्या सवयीने डब्यावरचे लेबल आणि आहारतज्ज्ञांचे तक्ते शेजारी ठेवून जे जुळले ते येथे मांडत आहोत.

साल्मन म्हणजे रावस नव्हे

पहिला गोंधळ नावाचा. आपल्याकडे हॉटेलांत रावस माशाला ‘इंडियन साल्मन’ म्हणतात. रावस चवीला उत्तम, पण त्याचा साल्मनशी नात्याचा काही संबंध नाही. रावस आपल्या उष्ण समुद्रातला, तर साल्मन थंड पाण्यातला. साल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. डब्यात येणारा बहुतेक साल्मन उत्तर पॅसिफिक महासागरातला, विशेषतः अलास्काच्या किनाऱ्यावरचा असतो. त्यात दोन जाती मुख्य: ‘पिंक’, म्हणजे फिकट गुलाबी, आणि ‘सॉकाय’, म्हणजे गडद तांबडा. तांबड्यात तेल जरा जास्त, म्हणून तो महाग. हा रंग कोणी घातलेला नसतो. मासा जे कोलंबीसारखे बारीक जीव खातो, त्यांच्यातूनच तो मांसात उतरतो.

डब्यातला मासा आपल्या गावाला अगदी नवा आहे असेही नाही. इंग्रजांच्या काळात साहेब लोकांच्या मेजवानीत विलायतेहून आलेला डब्यातला साल्मन मानाचा समजला जाई, आणि बेळगावचा कॅम्प म्हणजे साहेबांचीच वस्ती. त्याच काळात वेंगुर्ले हे बेळगावचे बंदर होते. घाट चढून मीठ येई, नारळ येई, सुकी मासळी येई. साहेबाच्या टेबलावर डबा आणि गावातल्या चुलीवर सुका बांगडा, अशी ती वाटणी होती.

डब्यात नेमके काय होते

डबाबंद अन्नाचे तंत्र फ्रान्समधल्या निकोला आपेर याने शोधले. सैन्यासाठी अन्न टिकवण्याच्या या युक्तीबद्दल त्याला १८१० साली तिथल्या सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. त्याने काचेच्या बरण्या वापरल्या होत्या. पत्र्याचे डबे त्यानंतर लगेच इंग्लंडमध्ये आले.

साल्मनच्या बाबतीत पद्धत साधी आहे. साफ केलेल्या माशाचे कच्चे तुकडे काट्यांसह डब्यात भरतात, बहुधा थोडे मीठ घालतात, डबा हवाबंद करतात आणि मग मोठ्या यंत्रात वाफेच्या दाबाखाली सुमारे ११५ ते १२१ अंश सेल्सिअसवर बराच वेळ शिजवतात. म्हणजे मासा शिजतो तोच डब्यात. या उष्णतेने दोन कामे होतात. एक, हवाबंद अन्नात वाढून विष तयार करणारे जंतू आणि त्यांची बीजे मरतात, म्हणून डबा वर्षानुवर्षे टिकतो. दोन, माशाचे काटे इतके मऊ होतात की चमच्याने दाबले तरी त्यांचा भुगा होतो. हे दुसरे काम आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे.

मग तो पांढरा साका कसला? पुष्कळांना ती चरबी वाटते. ती चरबी नसून शिजताना बाहेर आलेले आणि गोठलेले प्रथिन आहे. कधी कधी डब्यात काचेच्या बारीक तुकड्यांसारखे खडे सापडतात. हे माशातल्याच क्षारांचे स्फटिक असू शकतात आणि ते निरुपद्रवी असतात. शंका आली तर खडा कोमट लिंबूरसात किंवा व्हिनेगरमध्ये टाकून ठेवावा. स्फटिक हळूहळू विरघळतो, काच विरघळत नाही. विरघळला नाही तर तो डबा खाऊ नये.

जमेची बाजू

काट्यांसह असलेल्या १०० ग्रॅम साल्मनमध्ये साधारण २० ते २३ ग्रॅम प्रथिने असतात. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन लागते. काकूंचे वजन ५० किलो धरले तर ४१.५ ग्रॅम झाले. म्हणजे एका वेळच्या १०० ग्रॅम माशात दिवसाची निम्मी गरज भागली. म्हातारपणी भूक कमी होते, चहा-बिस्किटावर वेळ निघून जाते, आणि हाडांबरोबर स्नायूही झिजतात. पडणे बहुतेक वेळा स्नायूंच्या अशक्तपणातून होते, हाड नंतर मोडते. म्हणून थोड्या घासांत जास्त प्रथिन मिळणे याला या वयात फार मोल आहे.

दुसरी जमा कॅल्शियमची. काट्यांसह १०० ग्रॅममध्ये ते २०० ते २८० मिलिग्रॅमच्या आसपास असते. रोजची गरज १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम सांगितली आहे. तेव्हा चौथा-पाचवा हिस्सा एका वाटीत आला. पण हे सगळे कॅल्शियम काट्यांत असते, मांसात नव्हे. ताज्या साल्मनच्या नुसत्या मांसात ते १०-१५ मिलिग्रॅमच सापडते. सूनबाईंनी काटे वेचून टाकले तेव्हा नेमके हेच गेले. बाजारात ‘कातडी व काटे काढलेला’ असाही डबा मिळतो आणि तो जास्त महाग असतो. हाडांसाठी घ्यायचा असेल तर तो घेऊ नये. मुलांना फोनवर तेवढे सांगून ठेवावे.

तिसरी जमा ड जीवनसत्त्वाची. याच्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जात नाही. अन्नात ते मुळात फार थोड्या पदार्थांत असते, आणि तेलकट मासे हा त्याचा सर्वांत चांगला नैसर्गिक साठा. १०० ग्रॅम साल्मनमध्ये जातीप्रमाणे सुमारे ५०० ते ८०० एकक मिळते. साठीच्या पुढे रोजची गरज ८०० एकक धरली जाते.

चौथी जमा ब-१२ जीवनसत्त्वाची. १०० ग्रॅममध्ये दिवसाची गरज भागून उरते. हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा यांमागे पुष्कळदा याची कमतरता असते.

आणि पाचवी जमा म्हणजे ज्याची कॅप्सुले आपण बाटलीबंद घेतो ते ओमेगा-३ स्निग्धाम्ल. ते १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमच्या आसपास असते. हृदयासाठी आठवड्यातून दोन वेळा मासे, त्यातही तेलकट मासे खावेत, असा सल्ला अमेरिकेतील हृदयरोग संघटना देते. साल्मनमध्ये पाऱ्याचे प्रमाणही कमी असते, कारण तो मोठमोठे मासे खाऊन वर्षानुवर्षे जगणारा मासा नाही.

डब्यातले पाणी ओतून देऊ नये. त्यात माशाचे थोडे तेल आणि क्षार उतरलेले असतात. मात्र मिठाचे पथ्य असलेल्यांनी ते काढलेलेच बरे.

नावेची बाजू

ताळेबंदाची एकच बाजू वाचून निर्णय घेऊ नये. नावेच्या बाजूला पहिले मीठ. लेबलावर ते ‘सोडियम’ या नावाने मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. १०० ग्रॅम साल्मनमध्ये ४०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ झाले एक ग्रॅम. २१३ ग्रॅमचा अख्खा डबा एका वेळी खाल्ला तर दोन ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅम सांगितली आहे, आणि आपल्या ताटात लोणचे, पापड, चटणी आधीच बसलेली असतात. काकूंना रक्तदाब आहे. त्यांनी डबा खाल्ला त्या दिवशी ताटात लोणचेही होतेच. ‘मीठ न घातलेला’ डबा परदेशात मिळतो. मुलांना तोच आणायला सांगावा. आणखी एक. लेबलावरचे आकडे बहुधा एका ‘वाढणी’चे असतात, अख्ख्या डब्याचे नव्हेत. वाढणी किती ग्रॅमची आणि डब्यात किती वाढण्या, हे आधी पाहावे.

युरिक अॅसिड वाढून सांधे धरणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. ज्यांना मासळीची अॅलर्जी आहे त्यांचा प्रश्नच नाही.

डबा फुगलेला असेल, गळत असेल, शिवणीवर खोल चेपलेला असेल, तर चव घेऊनसुद्धा पाहू नये, सरळ टाकून द्यावा. उघडल्यावर मासा पत्र्याच्या डब्यात न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा.

आपल्या घाटावरून येते ती तारली

आता खरा प्रश्न. सहा डबे संपल्यावर काय? पुढच्या दिवाळीपर्यंत हाडांनी वाट बघायची का?

आपल्या नशिबाने आपण समुद्रापासून दूर असूनही समुद्र आपल्याला परका नाही. आंबोलीच्या घाटाने मालवण-वेंगुर्ल्याची, चोर्ल्याच्या घाटाने गोव्याची आणि खाली कारवारकडची मासळी बेळगावात येते. कॅम्पातल्या मासळी बाजारात जी तारली स्वस्तात मिळते, जी पाहुण्यांसमोर करायला आपल्याला जरा संकोच वाटतो, ती सार्डिन कुळातली. बांगडाही तसाच तेलकट मासा. दोघांतही १०० ग्रॅमला १८ ते २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, ब-१२ भरपूर मिळते आणि ओमेगा-३ तर साल्मनच्या पंगतीला बसेल इतके. तारलीचे तेल मोसमाप्रमाणे दोन-तीन टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांच्याही वर जाते. पावसाळ्यानंतर ती गुबगुबीत होते ती याच तेलाने. कालवणावर जो तवंग येतो तो वाया जाऊ देऊ नये.

मग उणे काय? कॅल्शियम. कारण आपण तारली खाऊन काटे ताटाच्या कडेला लावतो. डब्यातल्या सार्डिनमध्ये काट्यांसह १०० ग्रॅमला ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे साल्मनपेक्षाही जास्त. तोच काटा आपल्या ताटाच्या कडेला असतो.

येथे डब्याची ती युक्ती आठवावी. दाबाखालची वाफ आणि १२० अंशांची उष्णता, एवढीच ती युक्ती. आणि आपला रोजचा प्रेशर कुकर शिटीला आला की आत जवळपास तेवढीच उष्णता असते. तारली खवले, डोके व आतडी काढून स्वच्छ करावी. हळद, तिखट, लसूण, थोडे तेल, चार-पाच आमसुले आणि बुडेल इतके पाणी घालून भांड्यात लावावी. मीठ बेताचे. कुकरच्या तळाशी नेहमीपेक्षा जास्त पाणी घालावे, नाहीतर ते आटून कुकर जळेल. पहिली शिटी झाली की आच बारीक करून ४० ते ४५ मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. आंबटामुळेही काटा मऊ व्हायला मदत होते. ताटात वाढण्यापूर्वी मधला काटा दोन बोटांत दाबून पाहावा. भुगा झाला तर बिनधास्त खावा. टणक लागला तर आणखी पंधरा मिनिटे. बांगड्याचा काटा जाड, त्याला जास्त वेळ लागतो, आणि तरीही तो मऊ झाला नाही तर म्हाताऱ्या माणसांना व लहान मुलांना काढूनच द्यावा. हा पदार्थ त्या दिवशी करून त्या दिवशी संपवायचा आहे. घरच्या घरी बरण्यांत भरून टिकवण्याचा प्रयोग कोणी करू नये, त्यात विषबाधेचा धोका आहे.

परदेशी डबा खायचा तर तो शिजलेलाच असतो, पुन्हा कढवायची गरज नाही. काट्यांसह कुस्करावा, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू घालावे आणि गरम भाकरीबरोबर खावा. उकडलेल्या बटाट्यात मिसळून कटलेटही छान होतात. वेगळे मीठ घालू नये.

ताजेपणाची एक गोष्ट

घाट चढून येणाऱ्या मासळीबाबत एक सावधगिरी. तारली आणि बांगडा बर्फाशिवाय काही तास राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते एकदा झाले की कितीही शिजवा, जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे असा त्रास होतो, आणि आपल्याला वाटते मासाच बाधला. म्हणून बर्फातलाच मासा घ्यावा, डोळे स्वच्छ, कल्ले लाल, अंग घट्ट असे पाहावे आणि बाजारातून थेट घरी यावे. वाटेत दोन ठिकाणी बसून गप्पा मारायच्या असतील तर मासा शेवटी घ्यावा. २०१८ साली गोव्यात मासळीतल्या फॉर्मालिनवरून केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. तेव्हा ओळखीचा, रोजचा विक्रेता असणे हे चांगलेच.

पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आपल्याकडे सुकी मासळी निघते. वाळवलेल्या बोंबलात १०० ग्रॅमला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, आणि जवळा तर सालासकट खाल्ला जात असल्याने कॅल्शियमलाही चांगला. हे दोन्ही बहुधा मिठाशिवाय वाळवतात. खारा बांगडा आणि खारी सुरमई मात्र रक्तदाबवाल्यांनी भिजवून, पाणी टाकून, तेही क्वचितच खावी.

माळकरी मंडळींसाठी

आपल्या सीमाभागात वारकऱ्यांची घरे पुष्कळ. त्यांनी हा लेख वाचून आपली हाडे वाऱ्यावर आहेत असे समजू नये. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. न पॉलिश केलेले तीळ १०० ग्रॅमला हजाराच्या वर देतात, पण आपण ते चमचा-दोन चमचेच खातो. एक मोठा पेला दूध २०० ते २५० मिलिग्रॅम देते, आणि ब-१२ साठी दूध, दही, ताक हाच त्यांचा आधार. आपल्या जवसाच्या चटणीतही ओमेगा-३ आहे, पण ते वेगळ्या प्रकारचे. शरीर त्यातले थोडेच माशातल्या प्रकारात बदलते. ड जीवनसत्त्वासाठी दुपारच्या उन्हात हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावे, जीवनसत्त्वे घातलेल्या दुधाच्या पिशवीवरचे निळे ‘प्लस एफ’ चिन्ह पाहावे, आणि तपासणीत कमी आले तर डॉक्टर देतील ती गोळी घ्यावी. यात कमीपणा काही नाही.

शेवटी

साल्मनचा डबा उत्तमच आहे. तो आला तर काट्यांसह, मिठाचा हिशेब ठेवून, आनंदाने खावा; मुलाने आठवणीने आणलेला आहे. पण त्याच्यात जे आहे त्यातले बहुतेक आपल्या बाजारातल्या तारलीत आहे, आणि एका डब्याच्या किमतीत मोसमात कितीतरी वेळचे कालवण होते. आपण फक्त तिचा काटा मऊ करून पोटात घालायचा.

काकू आता काठी घेऊन गॅलरीपर्यंत येतात. चार डबे रीतसर संपले, एक अजून कपाटात आहे. दर बुधवारी त्यांच्या घरी तारलीचा कुकर लागतो. मागच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा ताट समोर आल्यावर त्यांनी सुनेला पहिला प्रश्न हाच विचारला, “काटे ठेवलेस ना गं?”